फ्रीजमधला गॅस संपत नसतो

"काकू, मोबाइलवर एक नंबर आला असेल पाहा, तेवढा सांगून द्या."

२०२३ च्या मार्चमधली दुपार होती. प्रतापनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात तो मुलगा हत्यारांची पिशवी आवरत होता, त्याला पुढच्या घरी जायची घाई होती. मी नंबर सांगितला. फ्रीज नुकताच सुरू झाला होता, तो खरंच गार होतो की नाही हे कळायला संध्याकाळ व्हावी लागणार होती. पण ते चार आकडे त्याच्या मोबाइलमध्ये गेले आणि कंपनीच्या दफ्तरी नोंद झाली: दुरुस्ती पूर्ण, ग्राहक समाधानी. पुढे मी जेव्हा जेव्हा तक्रार केली, तेव्हा तेव्हा हीच नोंद मला वाचून दाखवण्यात आली.

फ्रीज आदल्या धनत्रयोदशीला सीताबर्डीवरच्या एका दुकानातून ३४,५०० रुपयांना घेतला होता. वॉरंटी एक वर्षाची, कॉम्प्रेसरची दहा वर्षांची. पाच महिन्यांत कूलिंग गेलं. नागपुरात मार्च ते जून फ्रीज बंद असणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, सकाळी तापवलेलं दूध दुपारी फाटतं, भिजवलेली कणीक संध्याकाळपर्यंत आंबते. हे सगळं सोसता येतं. आमच्या घरी सासूबाईंचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. तो उन्हाळाभर ते शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये होतं, आणि वापरात असलेलं पेन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात. कुणाच्या तरी घरची बेल वाजवून औषध मागायचं, याचा सासूबाईंना फार संकोच वाटे. कंपनीच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मार्चमध्ये त्या मुलानं गॅस भरला. एप्रिलच्या शेवटी कूलिंग पुन्हा गेलं. या वेळी दुसरा मुलगा आला, त्यानं सांगितलं की बोर्ड गेला, व्होल्टेज कमीजास्त झालं असेल. नवा बोर्ड यायला अकरा दिवस लागले. जूनमध्ये तिसरा आला, त्यानं पुन्हा गॅस भरला. सप्टेंबरमध्ये चौथे आले ते वयानं मोठे, जुने कारागीर होते. त्यांनी नळीत नायट्रोजनचा दाब भरून ठेवला, सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला आणि तासाभरानं म्हणाले, "ताई, बाहेरचे सांधे सगळे चांगले आहेत, तरी प्रेशर उतरून राहिलं. लीक आतमध्ये आहे, बॉडीत. हा फ्रीज आता कोणाच्यानं सुधरत नाही. बदलूनच मागा."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकताना मला स्वतःचाच राग आला, कारण हे मला मार्चमध्येच सुचायला हवं होतं. फ्रीजमधला गॅस ही बंद नळीत फिरणारी वस्तू आहे. तो स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, आतल्या नळ्यांत पुन्हा त्याची वाफ होते आणि ती होताना फ्रीजमधली उष्णता ओढून घेते. हे चक्र वर्षानुवर्षं तेवढ्याच गॅसवर चालतं. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो, मग गळती न शोधता तो पुन्हा भरणं याला निष्काळजीपणाखेरीज काय म्हणायचं? शिवाय पुष्कळ फ्रीजमध्ये या नळ्यांचा मोठा भाग भिंतीतल्या फोममध्ये गाडलेला असतो. तिथे गळती झाली तर ती उघडून जोडणं व्यवहारात होत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी कुणी दाबाची चाचणी केली असती, तर मार्चमध्येच कळलं असतं की ही वस्तू दुरुस्तीची नाही, बदलून देण्याची आहे.

चौथ्या कारागिरानं हे सांगितलं, पण कागदावर लिहून दिलं नाही. "आम्हाला तसं लिहायची परवानगी नाही," असं त्यांनी अगदी मान खाली घालून सांगितलं. मग वरच्या साहेबांच्या मंजुरीची वाट पाहणं सुरू झालं. ऑक्टोबर उलटला. नोव्हेंबरमध्ये फोनवरच्या मुलीनं अतिशय सौजन्यानं कळवलं की वॉरंटी संपली आहे, आता तपासणीचेही पैसे लागतील. मी कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांची आठवण दिली. ती फक्त कॉम्प्रेसर या सुट्या भागाची असते, गॅस आणि मजुरी वेगळी, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, ही तक्रार मार्चपासूनची आहे. तिनं संगणकात पाहून सांगितलं की मार्चची तक्रार बंद झाली, एप्रिलची बंद झाली, जूनची बंद झाली, आणि प्रत्येकीचा नंबर वेगळा आहे. कंपनीच्या लेखी माझा फ्रीज चार वेळा बिघडून चार वेळा दुरुस्त झालेला होता. माझ्या स्वयंपाकघरात तो एकदाच बिघडला होता आणि कधीच दुरुस्त झाला नव्हता.

या दोन वाक्यांतलं अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे. आपल्याकडे ग्राहकाचे हक्क कागदावर कमी नाहीत. पण दुरुस्ती किती वेळा फसली म्हणजे वस्तू सदोष मानायची, याचा आकडा कुठेच नाही. तो ठरला पाहिजे. माझं म्हणणं असं की एकाच तक्रारीसाठी दोनदा दुरुस्ती करूनही दोष राहिला, तर वस्तू सदोष आहे असं धरून चालावं. ती सदोष नाही हे सिद्ध करायचं असेल, तर ते कंपनीनं करावं. ग्राहकाला तिसरी खेप सोसायला लावू नये, त्यानं मागितले तर पूर्ण पैसे परत द्यावेत.

आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दोषाची व्याख्या बरीच रुंद आहे. कायद्यानं, करारानं किंवा विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यानुसार वस्तूत जो दर्जा असायला हवा, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. या व्याख्येत 'उत्पादनातील' असा शब्द नाही. तरीही सुनावणीत कंपन्यांचा पहिला युक्तिवाद तोच असतो: उत्पादनातला दोष असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे? आणि असा अहवाल नाही म्हणून तक्रारी फेटाळल्याही जातात. सदोष सेवेच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानंच २०२१ साली स्पष्ट केलं आहे की सेवेत कसूर झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर आहे.

तत्त्व म्हणून त्यात चूक नाही. जो आरोप करतो त्यानं पुरावा द्यावा. पण इथे पुरावा आहे कुणाच्या हातात? फ्रीज उघडला कंपनीच्या माणसानं. काय सापडलं, कोणता भाग बदलला, गॅस किती ग्रॅम भरला, दाब तपासला की नाही, ही सगळी माहिती त्याच्या मोबाइलमधून कंपनीकडे गेली. माझ्या हातात काय उरलं, तर 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असे चार संदेश. जॉब शीट मागितली की "सगळं ऑनलाइन झालं आता" असं उत्तर मिळतं. म्हणजे वहीही त्यांची, लेखणीही त्यांची, आणि वहीत काय लिहिलंय ते सिद्ध मी करायचं. आवश्यक माहिती मुद्दाम दडवणं हीही सेवेतली कसूरच आहे, असं २०१९ चा कायदा स्वच्छ म्हणतो. मग दुरुस्तीची नोंद ग्राहकाला न देणं त्यात का बसू नये?

दोष नुसत्या पाहण्यानं कळत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्याच्या ३८ व्या कलमात आहे. त्यासाठीची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतली जाते. पिशवीबंद तेल किंवा मिरचीपूड पाठवायची असेल तर ठीक आहे. घरातला फ्रीज किंवा टीव्ही उचलून कुठे न्यायचा, ने-आण करताना आणखी काही बिघडलं तर कुणाचं, तोवर घरात काय वापरायचं? या प्रश्नांशी पोचेपर्यंतच बहुतेक माणसं थकून नवा फ्रीज घेतात. हप्ते जुन्याचे चालू असतात तरी. माझ्या सहकारी शिक्षिकांपैकी दोघींनी हेच केलं आणि मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

आणि व्होल्टेज. एप्रिलमध्ये बोर्ड बदलणाऱ्या मुलानं व्होल्टेजचं नाव घेतलं, ते पुढे कंपनीच्या पत्रातही आलं. पण फ्रीज विकताना दाराला जे स्टिकर चिकटवलेलं होतं, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हा स्टॅबिलायझरशिवाय चालतो. दुकानदारानं तेच सांगून विकला. वर म्हटलेली व्याख्या पुन्हा वाचा: विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे केलेला दावा. ज्या वस्तूबद्दल 'व्होल्टेजची काळजी नको' असं सांगून पैसे घेतले, ती व्होल्टेजनं बिघडली तर तोच दोष झाला. हे कारण पुढे करणारी कंपनी नकळत स्वतःविरुद्धच साक्ष देत असते. ज्यांच्याकडे असं स्टिकर अजून आहे त्यांनी ते काढून फेकू नये, फोटो काढून ठेवावा.

आकडा ठरवणं अव्यवहार्य आहे, असं कुणी म्हणेल. इतरांनी तो ठरवला आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं दुरुस्तीची संधी एकच ठेवली आहे. एक दुरुस्ती किंवा एकदा बदलून देणं, त्यानंतरही वस्तू ठीक नसेल तर ग्राहक ती नाकारून पैसे मागू शकतो. खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असं तिथे गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते विक्रेत्यानं. युरोपीय संघात हीच मुदत किमान एक वर्षाची आहे, आणि २०२४ च्या नव्या निर्देशानुसार हमीच्या काळात ग्राहकानं दुरुस्ती पत्करली तर हमी बारा महिन्यांनी वाढते. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७० सालीच कायदा केला की वाजवी प्रयत्नांनंतर वस्तू दुरुस्त होत नसेल तर उत्पादकानं ती बदलावी किंवा पैसे द्यावेत. पुढे मोटारींच्या बाबतीत 'वाजवी' म्हणजे किती याचेही आकडे आले: एकाच दोषासाठी चार खेपा, जिवाला धोका असेल तर दोनच, किंवा एकूण तीस दिवसांहून जास्त काळ गाडी दुरुस्तीत. आपल्या कायद्यात हे आकडे नाहीत, म्हणून आपल्याकडे चालढकल हेच धोरण होऊन बसलं आहे. कंपनीला प्रत्येक खेपेला फक्त थोडा वेळ हवा असतो. अशा तीन-चार खेपांत वॉरंटीचं वर्ष सरतं.

नवा कायदा करायला संसदेत जावंच लागेल असंही नाही. २०१९ च्या कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण झालं. अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार त्याला आहे आणि तो त्यानं वापरलेलाही आहे. २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल आणि हॉटेलांच्या सेवाशुल्काबद्दल, २०२३ मध्ये संकेतस्थळांवर ग्राहकाला फसवून होकार घेण्याच्या क्लृप्त्यांबद्दल त्यानं तत्त्वं काढली. दुरुस्ती पडताळून पाहायच्या आधीच 'समाधानी' असा नंबर काढून घेणं ही त्याच जातीची क्लृप्ती आहे. २०२४ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार विभागानं मोठ्या घरगुती उपकरणांच्या कंपन्यांना वॉरंटी खरेदीच्या दिवसाऐवजी बसवल्याच्या दिवसापासून धरायला सांगितलं होतं. इतक्या बारकाईनं विचार होऊ शकतो, तर त्यात आणखी तीन ओळी घालणं अवघड नाही. दोन फसलेल्या खेपांनंतर पैसे परत. वस्तू जितके दिवस बंद, तितके दिवस वॉरंटी पुढे. आणि प्रत्येक खेपेची लेखी नोंद, त्याच दोषासाठी तोच तक्रार नंबर कायम ठेवून, ग्राहकाच्या हातात.

केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं यांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग याबद्दल त्यावर सांगायचं, अशी ती कल्पना. मला ती मनापासून आवडली, कारण मी वस्तू फेकून देण्याच्या विरुद्ध आहे. माझ्या माहेरी, नागपूरच्या महाल भागात, वडिलांचा रेडिओ तीस वर्षं चालला. प्रत्येक वेळी तो एकाच माणसाकडे जायचा, आणि त्या माणसाला त्या रेडिओचा पूर्वेतिहास तोंडपाठ होता. आजच्या सेवेत नेमकं तेच नाही. दर वेळी नवा मुलगा येतो, त्याला आधीच्यानं काय केलं ते माहीत नसतं, आणि दुरुस्तीचा हक्क मिळूनही दुरुस्ती वाईट झाली तर काय, याचं उत्तर त्या पोर्टलवर नाही.

पैसे परत करायला लावले तर ई-कचरा वाढेल, हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण तो उलट बाजूनं पाहायला हवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांनी मोडीत निघालेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावरच टाकली आहे. सदोष फ्रीज परत घ्यावा लागला तर कंपनीला तो दुरुस्त करून पुन्हा वापरात आणता येतो, सुटे भाग काढता येतात. माझ्याकडे पडून राहिलेला फ्रीज शेवटी भंगारवाल्याकडे जातो आणि तिथे नळ्या कापताना उरलेला वायू हवेत सुटतो. आणि दोन खेपांची मर्यादा असली तर पहिली खेप नीट करण्यात कंपनीचाच फायदा राहील. आज तसा तो नाही.

लहान दुकानदाराचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. बर्डीवर किंवा गांधीबागेत दुकान चालवणारा माणूस कंपनीच्या गळक्या नळीला जबाबदार नसतो. त्यानं बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापून स्वतःला वाचवू नये, कारण ती ओळ ग्राहक आयोगांनी वेळोवेळी अनुचित ठरवली आहे. पण ग्राहकाला दिलेले पैसे त्याला कंपनीकडून ठराविक दिवसांत वसूल करता आले पाहिजेत. मार्गदर्शक तत्त्वांत हेही यावं. आपली भांडणं बहुतेक वेळा या दुकानदाराशी होतात, आणि दोघंही हरतात.

दुरुस्तीला येणाऱ्या मुलांबद्दल मला राग नाही. जूनमधल्या मुलाला मी पाणी दिलं, तेव्हा तो पाच मिनिटं टेकला. डोक्याला दुपट्टा, हिंगणा रोडवरून बाइकवर आलेला. दिवसाला आठ-नऊ कॉल असतात म्हणाला, पैसे बंद झालेल्या कॉलवर मिळतात, तासावर नाही. दाबाची चाचणी करायची तर दाब भरून तासभर थांबावं लागतं. त्या तासाचे पैसे त्याला कोण देणार? ज्या पद्धतीत नीट काम करणाऱ्याला तोटा होतो, तिथे वाईट दुरुस्ती हा कुणा एकाचा आळस राहत नाही, तो त्या धंद्याचा हिशेब बनतो. म्हणून ग्राहकाच्या हक्काचा आकडा ठरला तर या मुलांचंही भलं होईल असं मला वाटतं. दुसरी फसलेली खेप पूर्ण किमतीला पडणार असेल, तर कंपनी पहिल्या खेपेला तासभर द्यायला तयार होईल.

आता आयोगाबद्दल. जानेवारी २०२४ मध्ये मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. जिल्हा आयोगाकडे ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं जातात, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी कसलीही फी नाही. वकील लावावाच लागतो असं नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. नव्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो. कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की गुरुग्रामला, उत्तर तिला नागपुरात द्यावं लागतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती मात्र पाळावी लागते. हे सगळं ऐकायला सोपं वाटतं आणि बऱ्याच अंशी ते आहेही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली होती, तिचा क्रमांक मला पुढे कामी आला.

अवघड आहे तो वेळ. कायदा म्हणतो की विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा, प्रयोगशाळेची तपासणी असेल तर पाच महिन्यांत. उत्तर द्यायला कंपनीला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलं की पंचेचाळीस दिवसांपलीकडे एक दिवसही वाढवून देता येणार नाही. माझं प्रकरण चौदा महिने चाललं. शेवटी मध्यस्थीत मिटलं, पूर्ण किंमत परत मिळाली, त्रासाबद्दल एक रुपयाही नाही. त्याआधी कंपनीनं तीस टक्के घसारा कापून त्याच कंपनीचा दुसरा फ्रीज देऊ केला होता. जी वस्तू पाच महिनेही धड चालली नाही तिचा घसारा कसला, असं मी लेखी विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

आयोगाच्या लोकांना दोष देऊन उपयोग नाही. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडत जातात. याच नागपूरशी एक गोष्ट जोडलेली आहे, ती आपल्याला अभिमानानं सांगता यावी. आयोगांच्या सदस्यांच्या नेमणुकीचे २०२० चे काही नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १४ सप्टेंबर २०२१ रोजी रद्द केले. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये तो निर्णय उचलून धरला, लेखी परीक्षा घेऊन नेमणुका करायला सांगितलं आणि अनुभवाची अट दहा वर्षांवर आणली. ग्राहकांचं न्यायासन कसं असावं यावर देशभराला लागू होणारी गोष्ट या शहरातून सुरू झाली. जिल्हा आयोग स्थापन करणं आणि चालवणं हे राज्य सरकारचं काम आहे, आणि राज्य सरकार दर डिसेंबरात अधिवेशनासाठी नागपुरात येतं. राष्ट्रीय ग्राहक दिनही त्याच महिन्यात असतो. आपल्या आमदारांना आयोगातल्या रिकाम्या जागांबद्दल आणि फसलेल्या दुरुस्त्यांबद्दल विचारायला याहून सोयीची वेळ नाही. महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा देशात ग्राहकाचा कायदाही नव्हता. बारा वर्षांनी तो आला, म्हणून दोन खेपांचा नियमही येईल असं मला वाटतं. तो आपण मागितला पाहिजे.

तो येईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे: नंबर लगेच द्यायचा नाही. माझा सगळा तोटा त्या मार्चच्या दुपारी झाला, पुढचं नुसतं त्याचं व्याज होतं.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वॉशिंग मशिन पाणी सोडत नव्हतं. दुरुस्तीला मुलगा यायचा म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यानं मागचं झाकण उघडून पाइप साफ केला, दहा मिनिटांत आवरलं आणि नंबर मागितला. काकू म्हणाल्या, "देते ना बाळा. आधी कपड्यांची एक खेप होऊ दे, आणि काय केलं ते या वहीत लिहून दे." तो जरा घुटमळला. मग स्टुलावर बसला. काकूंनी चहा ठेवला. मधेच त्याच्या ऑफिसचा फोन आला, तर म्हणाला, "थांबा ना सर, मशिन पाणी काढते का नाही ते पाहून राहिलो." चाळिसाव्या मिनिटाला मशिन पुन्हा अडकलं, पाणी तसंच आत. त्यानं हसून मान हलवली, परत पिशवी उघडली आणि या वेळी खालचा पंप काढला. आत एक नाणं आणि शर्टाचं बटण अडकून पंख्याचं एक पातं तुटलेलं होतं. पंप बदलावा लागेल, असं त्यानं वहीत लिहिलं, खाली तारीख टाकली, सही केली. नंबर त्यानं त्या दिवशी मागितलाच नाही. पंप घेऊन तो शुक्रवारी येणार होता.